कोतवालाच्या बुकातली आपली माणसं



घरातलं माणूस जाऊन साठ-सत्तर वर्षं झालेली असतात. त्याचा फोटोही बैठकीतून माळ्यावर गेलेला असतो. आणि मग एक दिवस तलाठी किंवा वकील विचारतात, "यांच्या मृत्यूचा दाखला आहे का?" तिथून पळापळ सुरू होते. आमच्याकडे ती दीड वर्ष चालली. या दीड वर्षात मला आपल्या चांदा-गडचिरोली भागाचा जो इतिहास कळला तो शाळेत कोणी शिकवला नव्हता, म्हणून लिहिते आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या सासरी किंवा माहेरी अशी एखादी जागा असेलच, जी अजून पणजोबांच्या नावावर आहे.

आमची जागा वडशाला. म्हणजे आताचं देसाईगंज, गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे स्टेशन असलेलं गाव. गोंदियाहून चांद्याकडे रेल्वे आली तसे धान-तांदळाचे व्यापारी या पट्ट्यात येऊन बसले, त्यात आपली मराठी बोलणारी जैन घरंही होती. आजेसासऱ्यांनी स्वतःच्या कमाईने घर आणि गोदाम बांधलं. ते १९५६ साली गेले, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. कोणत्या महिन्यात, हे कोणालाच नाही.

महिना कशाला हवा, असं आमच्या धाकट्या दिरांनी विचारलं होतं. तोच तर मुद्दा आहे.

१७ जून १९५६ ही तारीख आपल्यातल्या प्रत्येकीला पाठ असायला हवी. त्या दिवशी हिंदू उत्तराधिकार कायदा लागू झाला. नावात हिंदू असलं तरी तो आपल्या जैनांनाही लागू आहे, कलम २ मध्येच तसं लिहिलंय. त्या तारखेनंतर बाप मृत्युपत्र न करता गेला तर त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत विधवा, मुलगा आणि मुलगी सारख्या वाट्याचे वारस. त्या तारखेआधी गेला असेल तर १९३७ चा कायदा. त्यात विधवेला मुलाइतका वाटा होता, पण फक्त हयातीपुरता. आणि विधवा व मुलगा असताना मुलीला काहीच नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०२४ मध्येही हेच सांगितलं, की १९५६ च्या कायद्याआधी बाप गेला आणि मागे विधवा होती, तर मुलीला बापाच्या मिळकतीत वारसाहक्क नाही. २००५ ची दुरुस्ती मुलीच्या बाजूची म्हणून आपण फार ऐकतो, पण ती एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीतल्या हक्काबद्दल आहे. आजेसासऱ्यांच्या स्वकमाईच्या घराला ती उपयोगाची नव्हती.

आता आमच्या घरची गोष्ट. आजेसासऱ्यांची दोन लग्नं झाली. पहिलीचा मुलगा म्हणजे माझे सासरे. दुसरीची मुलगी म्हणजे आत्याबाई, आज चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत, चंद्रपूरला असतात. जागा विकायची ठरली तेव्हा घरात सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, की आत्याबाईंचं लग्न थाटात करून दिलं होतं, आता त्यांचा काय संबंध. आत्याबाईंनी स्वतः कधी काही मागितलं नव्हतं. वकिलांनी मात्र पहिल्याच बैठकीत दोन दाखले मागितले, आजेसासऱ्यांचा आणि दुसऱ्या आजेसासूबाईंचा. आणि म्हणाले, वर्ष नको, तारीख हवी.

तारीख शोधायला निघालं की आधी हे समजून घ्यावं लागतं की तेव्हा आपण कुठे राहत होतो. गंमत वाटेल, पण आजेसासरे मध्य प्रदेशात वारले. घर वडशालाच, हललं नाही. १९५६ च्या जूनमध्ये आपला चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि त्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, पुढे चांद्याचं चंद्रपूर झालं, आणि २६ ऑगस्ट १९८२ ला त्यातून गडचिरोली वेगळा निघाला. माणूस एका जागी, आणि त्याचा कागद चार दारांतून फिरलेला. सिरोंच्याकडच्यांचं तर आणखी निराळं, तो भाग १८६० पर्यंत निजामाकडे होता. त्यामुळे "आमच्या तालुक्यात नोंद नाही" एवढं ऐकून परत फिरू नका. ज्या वर्षीचा मृत्यू, त्या वर्षी गाव कोणत्या तालुक्यात होतं, ते आधी काढायचं.

जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा, आपल्या महाराष्ट्रात लागू झाला १ एप्रिल १९७० पासून. त्याआधी देशभर एकच सक्तीचा कायदा असा नव्हता. १८८६ चा एक कायदा होता, पण त्यातली नोंदणी ऐच्छिक. म्हणून काही नोंदच होत नसे असं समजू नका. इंग्रजांना पटकी, देवी आणि तापाच्या साथींचे आकडे हवे होते, आणि ते आकडे गोळा करणारा माणूस होता गावचा कोतवाल.

आपल्याकडच्या जुन्या लोकांना कोतवाल म्हणजे दवंडी देणारा एवढंच आठवतं. मध्य प्रांतात गावातला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू ठाण्यावर जाऊन सांगणं हे त्याचं काम होतं. बहुतेक कोतवालांना लिहिता येत नसे. गावात काय घडलं ते डोक्यात ठेवून, सोबत ते बुक घेऊन तो ठाण्यावर जाई, आणि तिथला मुन्शी त्याच्या सांगण्यावरून लिहून घेई. तारीख, मेलेल्याचं नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, जात, वय, कारण. आमच्या विदर्भात याला आजही "कोतवाल बुक" म्हणतात आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात "कोतवाल बुकाची नक्कल पाहिजे" म्हटलं की सगळ्यांना समजतं. महसुलाच्या भाषेत गाव नमुना १४.

हे काम कितीतरी गावांत महार समाजातल्या माणसाकडे असे. ज्याला आपल्या वाड्याच्या ओसरीवर चढू देत नव्हते, त्याने आपल्या घरातल्या मरणाची तारीख सत्तर वर्षं जपून ठेवली. घरातल्यांना जपता आली नाही. हे मी आमच्या घरात बोलून दाखवलं तेव्हा कोणी काही बोललं नाही.

या बुकावर डोळे झाकून विश्वास ठेवावा असंही नाही. कारणाच्या रकान्यात पानामागून पान "ताप, ताप, ताप" असतं. हिवताप असो, विषमज्वर असो, बाळंतरोग असो, सगळा तापच. कोतवाल काही डॉक्टर नव्हता. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मध्य प्रांताला देशात सर्वात जबर तडाखा बसलेल्या प्रांतांत मोजतात. तेव्हा सांगणारे कोतवालच आजारी पडले आणि नोंदी राहून गेल्या. म्हणजे ज्या वर्षी माणसं सर्वात जास्त गेली त्याच वर्षीची पानं कमी भरवशाची. तुमच्या घरातलं कोणी १९१८ च्या दसरा-दिवाळीला गेलं असेल आणि नोंद सापडत नसेल तर नवल नाही.

अभिलेख कक्षाच्या व्हरांड्यात आम्ही बरेच दिवस बसलो. तिथे बसलेल्यांत जमीनजुमल्यासाठी आलेले आमच्यासारखे थोडेच. बाकीचे जात पडताळणीसाठी आलेले. आदिवासींना १९५० च्या आधीचा पुरावा लागतो आणि बुकात जातीचा रकाना असतो, म्हणून नातवाच्या शिक्षणासाठी पणजोबाच्या मरणाची नक्कल काढायची. काही जण वनहक्काच्या दाव्यासाठी आले होते. २००६ च्या वनहक्क कायद्यात जे आदिवासी नाहीत पण जंगलावर जगतात, त्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथे राहत असल्याचं दाखवावं लागतं. वजाबाकी करा, १९३० येतं. १९३० च्या आसपास आजोबा त्याच गावात वारले, अशी एक ओळ सापडली तर त्या घराची वंशावळ जुन्या कागदाला जोडता येते. एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले, "आमचा बुढा मेला तो कामाचा झाला, बाई." हसू आलं आणि वाईटही वाटलं.

एका कार्यालयात आम्हाला सांगितलं की त्या सालची बुकं वाळवीने खाल्ली. तीन महिन्यांनी दुसऱ्या गठ्ठ्यात ती सापडली. म्हणून तोंडी "नाही" ऐकून घेऊ नका. शोधाचा अर्ज लेखी द्यायचा, शोध फी भरायची आणि नोंद नसेल तर अनुपलब्धतेचा दाखला मागायचा. तो लेखी "नाही" पुढे लागतोच.

दरम्यान मी घरच्या वह्या काढल्या. मी बी.कॉम. केलं त्याचा संसारात किराण्याच्या हिशोबापलीकडे हा पहिलाच मोठा उपयोग. जमाखर्चाच्या वहीत मरणही खर्चाच्या बाजूला येतं. लाकूड, कापड, मंदिरात दान. आपल्यात श्राद्ध-पिंड नाही, त्यामुळे दरवर्षी तिथी धरून कोणी बसत नाही आणि तिथी विसरली जाते. ब्राह्मणांकडे निदान श्राद्धाच्या निमित्ताने लक्षात राहते. आपल्याकडे लक्षात ठेवायचं काम वहीनेच केलेलं असतं.

वहीत सापडलं, "संवत २०१३ जेठ वदि ११". पुतण्याने मोबाइलवर २०१३ मधून ५७ वजा केले, १९५६ आले. ज्येष्ठ वद्य म्हणून कॅलेंडर लावलं, जुलैचा पहिला आठवडा निघाला. म्हणजे १७ जूननंतर. मला ते पटेना. वही लिहिणारे मुनीम मारवाडचे होते, आपल्याकडचे नव्हते.

हे तुम्हाला समजायला अजिबात कठीण नाही, कारण आपण ते दरवर्षी पाहतो. महावीर स्वामींचं निर्वाण आपल्या पूजेच्या पुस्तकात कार्तिक कृष्ण अमावास्येला लिहिलेलं असतं, आणि भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात त्या दिवशी आश्विन अमावास्या असते. दिवस एकच, दिवाळीचा. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे शुद्ध पक्षात दोन्हीकडे महिन्याचं नाव सारखं आणि वद्य पक्षात उत्तरेचं नाव एक महिना पुढे. महावीर जयंतीची चैत्र शुद्ध त्रयोदशी म्हणूनच कुठेही बदलत नाही. मुनीमजींचा जेठ वदि म्हणजे आपला वैशाख वद्य. १९५६ साली तो पंधरवडा मेच्या अखेरीपासून ८ जूनपर्यंत होता. अकरावा दिवस जूनच्या पहिल्या आठवड्यात पडतो. शिवाय संवत २०१३ लिहिलाय हीच खूण. आपल्या दिवाळी पाडव्यापासून मोजायच्या संवतात तेव्हा २०१२ चालू होतं. २०१३ तोच लिहील ज्याचा संवत चैत्रात बदलतो.

एका महिन्याचा फरक, आणि मधोमध १७ जून.

मी हे घरात सांगितलं तेव्हा दिरांचा चेहरा खुलला, कारण जूनच्या आधीच्या कायद्यात मुलीला काही नाही. आत्याबाईंच्या विरुद्ध जाणारी तारीख त्यांच्या भाचेसुनेनेच काढून दिली, असं झालं. पण तारीख ती तारीख. थोड्या दिवसांनी कोतवाल बुकाची नक्कल हाती आली, तिच्यातही जून १९५६ चा पहिला आठवडाच होता. जातीच्या रकान्यात "वाणी" लिहिलंय, जैन नाही. ते ठाण्याच्या मुन्शीचं ज्ञान.

मात्र दुसरा दाखला अजून यायचा होता. दुसऱ्या आजेसासूबाई नवऱ्यामागे बारा वर्षं जगल्या, १९६८ साली गेल्या. नोंद सापडली. वकिलांनी दोन्ही नकला शेजारी ठेवून आम्हाला जो हिशोब सांगितला तो मी कागदावर मांडून घेतला. जून १९५६ ला नवरा गेला, तेव्हा विधवेला मुलाइतका म्हणजे अर्धा वाटा, हयातीपुरता. पण ती १७ जूनला जिवंत होती आणि वाटा तिच्याकडे होता, म्हणून कलम १४ ने त्या दिवशी ती अर्ध्याची पूर्ण मालकीण झाली. तिला कोणी सांगितलं नसेल. चुलीपुढे बसलेली असेल ती त्या रविवारी. पुढे ती गेली तेव्हा तिच्या पोटची वारस एकटी आत्याबाई. सावत्र मुलगा कलम १५ च्या पहिल्या ओळीत बसत नाही. म्हणजे अर्धी जागा आत्याबाईंची. जुलैची तारीख खरी निघाली असती तर तीन वाटे होऊन आईचा आणि स्वतःचा मिळून दोन तृतीयांश त्यांच्याकडे गेलं असतं. सगळे म्हणत होते शून्य.

आमच्या घरात दोन महिने नीट बोलणं नव्हतं. यांनी पहिली सही केली, मग दिरांनी केली. वारस नोंदीत आत्याबाईंचं नाव चढलं. पैशांचं पुढे त्या काय करतात हे त्यांचं त्या बघतील, त्या तर म्हणाल्या, "आईच्या नावाचा कागद मला दे, तेवढा पुरे." तो दिला, आणि वाटाही दिला. कागद पुरे म्हणाल्या म्हणून वाटा ठेवून घ्यायचा नसतो.

आता ज्यांची नोंद सापडतच नाही त्यांच्यासाठी. आधी एक लक्षात घ्या, जुनी नोंद सापडली तर नव्याने नोंदणी करायचीच नसते, तिची प्रमाणित नक्कल घ्यायची, ती सरकारी नोंद म्हणून पुरावा असते. अजिबात नोंद नसेल तरच उशिराची नोंदणी. वर्षाहून जुन्या मृत्यूसाठी पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, १ ऑक्टोबर २०२३ पासून, हा अधिकार जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला. २०२५ च्या जानेवारीत बोगस दाखल्यांच्या तक्रारींवरून राज्याने हे काम काही काळ थांबवलं होतं, मग मार्चमध्ये छाननी कडक करून नवी पद्धत आणली. त्यामुळे अनुपलब्धतेचा दाखला, प्रतिज्ञापत्र आणि जुने कागद, म्हणजे वही, मंदिराची पावती, घरपट्टी, लग्नपत्रिका, जे असेल ते जमवूनच जा. आणखी एक, आज मिळणाऱ्या दाखल्यावर मृत्यूचं कारण छापत नाहीत, कायद्यानेच मनाई आहे. जुन्या बुकात ते दिसतं.

त्या बुकात मी आणखी एक पान शोधलं. त्याची कोणाला गरज नव्हती. कुठल्या हिशोबात ते बसत नाही. माझ्या सासऱ्यांचा जन्म १९३१ चा. जन्माच्या नोंदीत "मुलगा", नाव नाही, तेव्हा बारशाआधीच नोंद होत असे. आणि मृत्यूच्या पानावर त्यानंतर आठ दिवसांनी आजेसासऱ्यांचं नाव आणि पुढे "ची बायको". वय १९. कारण ताप. बाळ आठ दिवसांचं असताना आलेला ताप कसला असतो हे आपल्याला सांगायला नको. ही माझी खरी आजेसासू. घरात तिला सगळे "पहिली" म्हणत. तिचा फोटो नाही, आणि सासऱ्यांनाही आईचं नाव ठाऊक नव्हतं. शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या आईचं होतं.

१९३१ ची वही मात्र मिळाली. मंदिर खात्यात त्या महिन्यात अकरा रुपये जमा केल्याची ओळ आहे आणि पुढे तिचं नाव. पण ती मुनिमाच्या मुडिया लिपीत. तुमच्या घरी जुन्या वह्या असतील तर माहीत असेल, मुडियात काना-मात्रा देत नाहीत. व्यापाऱ्यांत एक जुना विनोदच आहे. मुनिमाने लिहिलं "काकाजी अजमेर गए", घरी वाचलं "काकाजी आज मर गए", आणि रडारड सुरू झाली. आमच्या ओळीत तीन अक्षरं आहेत. त्यांची दोन नावं होतात, दोन्ही तेव्हाच्या बायकांची असत अशी. मुडिया वाचणाऱ्या नागपूरच्या एका वृद्ध गृहस्थांना दाखवलं, ते एक म्हणाले. आत्याबाईंना त्यांच्या आईच्या तोंडून ऐकलेलं दुसरं आठवतं. मी नातींना दोन्ही सांगून ठेवली आहेत. मुडिया नीट वाचणारं कोणी तुमच्या ओळखीत असेल तर मला जरूर कळवा, वही माझ्याकडेच आहे.